मांद्र्याचे भाऊ दाजी : जुन्या वस्तूंना घर देणारा वैद्य

पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत जुने वाडे अजून उभे आहेत. कुठे राजांगणाभोवतीचे खांब शाबूत आहेत, कुठे एका बाजूचे कौल उतरले आहे. आत शिसवी मंचक असतो, पितळी कड्यांचा झोपाळा असतो, सागवानी फडताळ असते, आणि एखाद्या घरात भिंतीला पाठ लावून उभे असलेले माणसाच्या उंचीचे लंबकाचे घड्याळही असते. ते बहुधा बंद असते. आठ दिवसांनी एकदा किल्ली देण्याचे काम ज्या आजोबांकडे होते ते गेले, लंबक अडला आणि घरात तेवढा वेळ कोणाला राहिला नाही. पुढे वाटण्या होतात, वाडा विकायला निघतो आणि जुन्या सामानाचा व्यापारी दारात येतो. घड्याळ जाते, मंचक जातो. शहरातल्या दुकानात त्यांच्यावर गोव्याचे जुने सामान एवढीच चिठ्ठी लागते. ते कोणत्या गावचे, कोणत्या घरचे, कोणत्या सुताराच्या हातचे, हे सांगणारे कोणी उरत नाही.

वस्तू आणि तिचे गाव यांची अशी फारकत होऊ नये म्हणून ज्याने आयुष्य वेचले, तो माणूस याच पेडणे महालातला होता. मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांचा जन्म १८२२ साली मांद्रे गावी झाला. मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. घरात त्यांना भाऊ म्हणत, वडिलांना दाजी म्हणत. या दोन घरगुती हाका जोडून झालेले नावच पुढे लंडन आणि पॅरिसच्या विद्वत्सभांच्या सदस्ययादीत गेले. मुंबईकर त्यांना आपले मानतात, ते योग्यच आहे. गोव्याने मात्र त्यांची आठवण जितकी ठेवायला हवी तितकी ठेवली नाही.

भाऊंचा जन्म झाला तेव्हा पेडणे पोर्तुगिजांच्या ताब्यात येऊन जेमतेम चौतीस वर्षे झाली होती. डिचोली १७८१-८२ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकरांकडून त्यांच्याकडे गेले. नव्या काबिजादीतल्या या प्रदेशात जुन्या काबिजादीसारखी धर्मांतराची सक्ती झाली नाही. देवळे राहिली, देशमुखी-सरदेसाई राहिली आणि घरचा पत्रव्यवहार, हिशेब, पोथी मराठीत चालू राहिली. तेरेखोलच्या पलीकडे वाडी संस्थान, दक्षिणेस पणजीचे सरकार आणि समोर समुद्र, अशा कोपऱ्यात वाढणाऱ्या हुशार मुलाला पुढची वाट मुंबईचीच होती. लाड कुटुंबाने तीच वाट धरली.

मुंबईत एका इंग्रज गृहस्थाने या मुलाला बुद्धिबळ खेळताना पाहिले आणि त्याची चलाखी पाहून त्याला इंग्रजी शिकवा, असा आग्रह वडिलांकडे धरला, अशी हकिकत भाऊंच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे. थोरांच्या बालपणाला अशा कथा चिकटतातच. पण पटावरच्या सोंगट्यांकडे पाहून पुढच्या चार चाली ओळखणारी दृष्टी भाऊंकडे होती, हे त्यांच्या नंतरच्या संशोधनात दिसते. एल्फिन्स्टन संस्थेत ते शिकले आणि तेथेच शिक्षक झाले. काठेवाड-कच्छकडील बालहत्येच्या प्रथेवर त्यांनी लिहिलेल्या निबंधाला बक्षीस मिळाले, तेव्हा ते पंचविशीच्या आसपास होते.

१८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि भाऊ शिक्षकाची नोकरी सोडून पुन्हा विद्यार्थी झाले. या कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या आठ पदवीधरांत ते होते. त्याच तुकडीत पुढे प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढाकार घेणारे आत्माराम पांडुरंग होते आणि वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नाव मिळवणारे गोमंतकीय डॉ. जुझे कामिलो लिझबोआ होते. १८५१ पासून भाऊंनी वैद्यकी सुरू केली. धाकटे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर झाले. दोघा भावांनी गरिबांसाठी मोफत दवाखाना चालवला. भाऊंची प्रॅक्टिस काही वर्षांतच मुंबईतल्या सर्वांत मोठ्या प्रॅक्टिसींपैकी एक बनली आणि तिच्यातून आलेला पैसा कुठे गेला, तीच त्यांच्या आयुष्याची खरी गोष्ट आहे.

वैद्यकीतही त्यांना जुन्याची ओढ होती. संस्कृत वैद्यकग्रंथ वाचून त्यांतल्या वनस्पती ते प्रत्यक्ष रुग्णांवर तपासून पाहत. कुष्ठरोगावर कोकण-गोव्याच्या रानात मिळणाऱ्या कडू कवठाच्या बियांचे तेल त्यांनी वापरले. अनेक रुग्णांना त्याचा गुण आला. औषधाची कृती त्यांनी बराच काळ उघड केली नाही, याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली आणि ती अगदीच अस्थानी नव्हती. पूर्ण खात्री झाल्याखेरीज जाहीर करायचे नाही, हा त्यांचा स्वभाव होता. पण रोगी वाट पाहत असताना अशी सावधगिरी महाग पडते.

सार्वजनिक कामांची तर यादीच मोठी आहे. २६ ऑगस्ट १८५२ रोजी बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली, तिचे चिटणीसपद भाऊंकडे आले. नाना शंकरशेट यांच्या बरोबरीने ते जवळपास प्रत्येक संस्थेत दिसतात. शिक्षणमंडळ, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंची यादी, मुलींच्या शाळा चालवणारी विद्यार्थ्यांची साहित्य व शास्त्रसभा. या सभेचे पहिले भारतीय अध्यक्ष तेच. त्यांच्या नावाने मुलींची शाळा निघाली. १८६२ च्या महाराज लायबल खटल्यात, करसनदास मुळजी यांच्या बाजूने, डॉक्टर या नात्याने त्यांनी साक्ष दिली. एका बलाढ्य धर्मगुरूविरुद्ध कोर्टात उभे राहायला त्या मुंबईत छाती लागत होती. १८६९ आणि १८७१ असे दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले. एवढ्यावरही एखाद्याचे आयुष्य भरून जाईल. भाऊंचे मन मात्र दुसरीकडेच होते.

ते दगड, तांबे, ताडपत्र आणि नाणी यांत होते.

त्या काळी भारताचा प्राचीन इतिहास बहुतांशी युरोपीय पंडित लिहीत होते. भाऊंनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत निबंध वाचायला सुरुवात केली तेव्हा तिथल्या जर्नलात भारतीय नावे मोजकीच होती. जुनागढच्या गिरनार वाटेवरच्या खडकावरील रुद्रदाम्याचा शिलालेख, अजिंठ्याच्या लेण्यांतील लेख, ताम्रपट, नाणी असे एकामागून एक साहित्य त्यांनी हाती घेतले. जुनागढच्या त्या एकाच खडकावर अशोक, रुद्रदामा आणि स्कंदगुप्त अशा तीन काळांचे लेख आहेत, आणि रुद्रदाम्याच्या लेखात फुटलेल्या सुदर्शन तलावाच्या बांधाची दुरुस्ती केल्याचा वृत्तांत आहे. पावसाने फुटलेला बंधारा, त्यावर झालेला खर्च आणि प्रजेवर कर न लादल्याची ग्वाही, हे सारे सुमारे सतराशे वर्षांनंतर दगडावरून वाचता येते, याचे भाऊंना विलक्षण अप्रूप होते. १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची संस्था निघाली. त्या नव्या विद्येत भाऊ व नारायण दोघांनीही रस घेतला. ज्या वस्तू उचलून आणता येत नाहीत त्यांची प्रतिमा तरी आणता येते, हे ओळखणाऱ्या पहिल्या भारतीयांत हे दोन भाऊ होते.

रोग्यांना सोडून महिनोन्महिने हिंडणे मात्र डॉक्टरला शक्य नव्हते. त्यासाठी त्यांनी माणसे शोधली. जुनागढचा भगवानलाल इंद्रजी नावाचा तरुण रुद्रदाम्याच्या लेखाचे अधिक शुद्ध वाचन करून बसला होता. किन्लॉक फोर्ब्स या इंग्रज अधिकाऱ्यामार्फत त्याचे नाव भाऊंपर्यंत आले. भाऊंनी त्याला मुंबईस बोलावून घेतले आणि पुढची सुमारे बारा वर्षे भगवानलाल भाऊंच्या खर्चाने हिंदुस्थानभर फिरले. राजपुताना, मथुरा, काशी, बिहार, ओरिसा, थेट नेपाळपर्यंत त्यांनी लेखांचे ठसे घेतले, नाणी जमवली, पोथ्या उतरवल्या. पांडुरंग गोपाळ पाध्ये हेही भाऊंच्या अशाच सहायकांपैकी होते. भाऊंची फी या प्रवासांवर खर्च होत होती. मुंबईतल्या श्रीमंत रोग्याची नाडी पाहून मिळालेले रुपये अजिंठ्याच्या डोंगरात किंवा मथुरेच्या टेकाडावर एखादा ठसा घेण्यासाठी जात, असा तो व्यवहार होता.

या संशोधनातला एक भाग काळाच्या मोजणीशी थेट जोडलेला आहे आणि तो थोडा सविस्तर सांगितला पाहिजे. १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या जर्नलात भाऊंचा आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भट्टोत्पल आणि भास्कराचार्य यांच्या काळावरचा निबंध आला. आर्यभटाचा मूळ ग्रंथ युरोपीय संशोधकांना सापडत नव्हता. भाऊंनी दक्षिणेतून आर्यभटीयाची हस्तलिखिते मिळवली आणि आर्यभट नावाचे दोन ज्योतिषी होऊन गेले, त्यांतल्या थोरल्याने इ.स. ४९९ मध्ये वयाच्या तेविसाव्या वर्षी स्वतःचा काळ नोंदवून ठेवला आहे, हे दाखवून दिले. त्याआधी दोघांची सरमिसळ होऊन काळाचा मोठा घोटाळा होत असे. त्याच सुमारास खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटण येथील एक शिलालेख त्यांनी प्रकाशात आणला. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे सिद्धान्तग्रंथ शिकवण्यासाठी शके ११२८ मध्ये मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. गणिताच्या पाठशाळेला दिलेल्या दानाचा असा लेख सहसा सापडत नाही.

या ज्योतिषांचा दिवस साठ घटकांचा होता. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटे, आणि ती मोजायचे साधन म्हणजे तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी. पाण्यावर सोडलेली वाटी भरून बुडाली की घटका भरली. कोकण-गोव्यात लग्नमुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र मांडण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. त्या वाटीच्या शेजारी युरोपातले उंच लंबकाचे घड्याळ ठेवले की दोन संस्कृतींचे घड्याळशास्त्र समोरासमोर येते. हॉलंडच्या हायगेन्सने १६५६-५७ मध्ये लंबकाचे घड्याळ घडवले. लंबक दर सेकंदाला एक झोका घ्यायचा तर त्याची लांबी साधारण एक मीटर हवी. त्याच्यासोबत खाली उतरणाऱ्या शिशाच्या वजनांना आठवडाभर पुरेल एवढी उंचीही हवी. म्हणून यंत्र वर आणि खाली लाकडी पेटी, असा तो उंच घाट ठरला. वाड्यातल्या त्या घड्याळाची उंची दिमाखासाठी नव्हती, लंबकाची ती गरज होती. वस्तूकडे असे पाहणे, तिचा आकार कशातून आला हे विचारणे, हीच भाऊंच्या पिढीने शिकलेली नवी दृष्टी होती.

भाऊंच्या मुंबईतही वेळेचा घोळ होताच. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली आणि मिनिटांना किंमत आली. तरीही पुढे कित्येक दशके मुंबईची वेळ वेगळी आणि रेल्वेची मद्रास वेळ वेगळी, असे चालले. शहरात मनोऱ्यांवर सार्वजनिक घड्याळे बसू लागली ती याच काळात.

भाऊंचे सगळेच निष्कर्ष टिकले असे नाही. १८६० च्या सुमारास त्यांनी कालिदासावर निबंध वाचला आणि राजतरंगिणीतील काश्मीरचा राजा मातृगुप्त म्हणजेच कालिदास, असा तर्क मांडला. तो तेव्हाही पुष्कळांना पटला नाही आणि पुढच्या विद्वानांनी तो मागे टाकला. परंतु कवीचा काळ दंतकथेने न ठरवता नाणी, लेख आणि समकालीन ग्रंथ यांच्या साक्षीने ठरवायचा, ही शिस्त त्या निबंधात होती. चुकलेला निष्कर्ष विसरला गेला, शिस्त राहिली.

आता संग्रहालयाकडे वळले पाहिजे. १८५५ मध्ये पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले. तिथे पाठवण्यासाठी मुंबई इलाख्यातून कारागिरीच्या वस्तू, धान्ये, लाकडांचे नमुने, धातुकाम असे सामान गोळा झाले. त्यातले काही मागे ठेवून मुंबईत एक संग्रहालय उभारायचे ठरले आणि फोर्टमधल्या लष्करी बराकीत ते मांडले गेले. १८५७ चा उठाव पेटला, लष्कराला बराक हवी झाली आणि त्या धामधुमीत संग्रह बाहेर काढला गेला. कित्येक वस्तू मोडल्या, कित्येक हरवल्या. मोडकातोडका उरला तो सावरण्याचे काम १८५८ मध्ये डॉ. जॉर्ज बर्डवूड यांच्याकडे आले आणि संग्रहालय समितीत त्यांच्या जोडीला भाऊ दाजी उभे राहिले. एक इंग्रज डॉक्टर आणि एक मांद्र्याचा डॉक्टर, दोघांनाही वनस्पतींचे वेड आणि दोघांनाही कारागिरांबद्दल आदर. ही जोडी जमली ती संग्रहालयाच्या पथ्यावर पडली.

नाना शंकरशेटांच्या पुढाकाराने सभा झाली, वर्गणी सुरू झाली. भायखळ्याला राणीच्या बागेची जागा ठरली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी संग्रहालयाच्या इमारतीची कोनशिला बसवली. डेव्हिड ससून यांनी प्रिन्स आल्बर्टच्या पुतळ्यासाठी पैसे दिले आणि त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या स्मरणार्थ बागेच्या दाराशी घड्याळाचा मनोरा उभा राहिला. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असल्याने कापसाचा भाव आभाळाला भिडला होता आणि मुंबईत पैशाचा पूर आला होता. संग्रहालय आता वर्षा-दोन वर्षांत उभे राहणार असे वाटत होते.

१८६५ च्या उन्हाळ्यात युद्ध संपले, कापूस कोसळला आणि त्याबरोबर शेअरबाजार बसला. मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. ३१ जुलै १८६५ रोजी नाना शंकरशेट गेले. वर्गणीचे आकडे कागदावरच राहिले. भाऊंनाही या कोसळीची झळ बसली; आधीची सुबत्ता पुन्हा आली नाही. ज्याचे उत्पन्न पोथ्या-नाण्यांवर जात होते, त्या घरात आता हिशेब करूनच पाऊल टाकावे लागत होते. तरीही भगवानलालांचे प्रवास थांबले नाहीत. या एका गोष्टीवरून भाऊंची पारख करावी, असे वाटते. शेरीफपद काय, सदस्यत्वे काय, ती पुष्कळांना मिळतात.

इमारत रखडली. १८६८ मध्ये बर्डवूड मायदेशी परतले. सरकारने पैसे घातल्यावर काम पुढे सरकले आणि २ मे १८७२ रोजी व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम लोकांसाठी खुले झाले. मुंबईतले ते पहिले संग्रहालय. लोखंडी खांब, रंगीत फरशा, सोनेरी मुलामा दिलेले नक्षीकाम, आणि काचेच्या लाकडी कपाटांत मांडलेली इलाख्याची कारागिरी. राजेरजवाड्यांचे जडजवाहीर दाखवणे हा या घराचा हेतू नव्हता. कुंभाराने काय घडवले, सुताराने काय कोरले, विणकराने काय विणले, ते गावाच्या नावासह दाखवायचे, असा तो विचार होता.

त्या काळच्या लाकूडकामाची गोष्टही अशीच दुहेरी आहे. मुंबईत फोर्टातल्या मेडोज स्ट्रीटवर शिसवी फर्निचरची दुकाने होती. खुर्ची, कोच, गोल मेज असा घाट युरोपीय, पण पाठीवर आणि पायांवर वेलबुट्टी, पाने, फळे, पक्षी यांचे दाट कोरीव काम इथल्या सुतारांचे. पारशी घरांत, साहेबांच्या बंगल्यांत आणि किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्यातल्या मोठ्या घरांतही हे सामान गेले. गोव्याची स्वतःची परंपरा त्याहून जुनी. सतराव्या शतकात गोव्यात सागवान, शिसव आणि हस्तिदंताच्या जडावाने बनलेली कपाटे पोर्तुगालला जात. त्यांतली काही आज लिस्बनच्या संग्रहालयांत आहेत. त्या कपाटांचे पाय पाहावेत. युरोपीय पद्धतीचे कपाट कमरेखाली नाग असलेल्या नागकन्यांनी पेलून धरलेले असते. ग्राहक पाद्री असो की व्हाइसरॉय, कोरणाऱ्याच्या मनातला देश त्याच्या पटाशीतून उतरलाच. पणजीच्या राज्य संग्रहालयातले इन्क्विझिशनचे मेज आणि खुर्च्या याच परंपरेतले. तिथे मात्र कोरीव कामाकडे पाहताना नजर ठरत नाही, कारण त्या मेजासमोर कोण उभे केले जात होते ते आठवते. लाकूड निर्दोष असते, त्याचा इतिहास नसतो. म्हणूनच वस्तूसोबत तिची हकिकत जपावी लागते.

संग्रहालयाच्या बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे, त्याचाही गोव्याच्या इतिहासाशी दूरचा धागा आहे. मुंबईजवळच्या घारापुरी बेटावर हा हत्ती होता आणि त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले. इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना तो फुटला. १८६४ मध्ये त्याचे तुकडे राणीच्या बागेत आणले गेले आणि विसाव्या शतकात ते जोडून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. देशाबाहेर जाता जाता वाचलेली ती वस्तू आहे.

भाऊंची प्रकृती याच वर्षांत ढासळत गेली. संग्रहालय उघडल्यानंतर दोनच वर्षांनी, मे १८७४ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षाच्या आसपास मुंबईत त्यांचे निधन झाले. भगवानलाल त्या वेळी नेपाळात होते, भाऊंच्याच कामासाठी. त्यांना तिथे बातमी कळली आणि ज्या माणसासाठी ठसे घेत होतो तो आता ते पाहायला नाही, या जाणिवेसह त्यांना परतावे लागले. योगायोग असा की त्याच १८७४ मध्ये हॉलंडच्या लायडन शहरात प्राध्यापक केर्न यांनी आर्यभटीयाची छापील आवृत्ती प्रसिद्ध केली. ज्या ग्रंथाचा काळ ठरवण्यासाठी भाऊंनी इतकी धडपड केली, तो छापला जाण्याच्या वर्षीच ते गेले.

पुष्कळ निबंध जर्नलांत विखुरलेले होते. रामचंद्र घोष यांनी कलकत्त्याहून १८८८ मध्ये ते एकत्र छापले. बरीच टिपणे, अर्धवट राहिलेली वाचने, ठशांच्या गुंडाळ्या यांना मात्र निबंधाचे रूप मिळालेच नाही. खात्री झाल्याशिवाय छापायचे नाही, या स्वभावाची किंमत इथेही मोजावी लागली. मित्र आणि चाहत्यांनी उभारलेल्या स्मारकातून संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांचा एक संग्रह मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत भाऊंच्या नावाने ठेवला गेला. प्रा. ह. दा. वेलणकरांनी पुढे सोसायटीच्या हस्तलिखितांची जी वर्णनात्मक सूची केली, तिच्यात हा संग्रहही आहे. भगवानलाल इंद्रजी १८८८ मध्ये वारले. त्यांनी आपली नाणी आणि मथुरेचे प्रसिद्ध सिंहशीर्ष मृत्युपत्राने ब्रिटिश म्युझियमला दिले. ते लाल दगडाचे सिंहशीर्ष, ज्यावर खरोष्ठी लिपीत शक क्षत्रपांची नावे कोरलेली आहेत, आज लंडनमध्ये आहे. भगवानलालांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांना ते सुरक्षित जागी राहावे असे वाटले असेल. पण भाऊ जिवंत असते तर त्याची जागा भायखळ्याला किंवा सोसायटीच्या टाऊन हॉलात झाली असती का, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

संग्रहालयाने मात्र दीर्घ काळ राणीचे आणि राजपुत्राचे नाव वागवले. १ नोव्हेंबर १९७५ रोजी मुंबई महापालिकेने त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव दिले. पुढे इमारतीची रया गेली, छत गळू लागले, मुलामा काळवंडला. २००३ ते २००७ या काळात महापालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून तिचे जतन केले. त्या कामाला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला आणि २००८ च्या सुरुवातीस संग्रहालय पुन्हा उघडले. सोनेरी नक्षी उजळली, फरशा धुऊन निघाल्या, काचेची जुनी लाकडी कपाटे नीट करून जागेवर ठेवली गेली. दाराशी ससून यांच्या नावाचा घड्याळाचा मनोरा आहे, अंगणात घारापुरीचा हत्ती आहे आणि पाटीवर मांद्र्याच्या एका घरातल्या त्या दोन घरगुती हाका आहेत.